जुना कम्प्युटर नवख्याला विकताना: खोकं उघडल्यावरची पहिली दहा मिनिटं

तुमचा प्रश्न वाचला. वडिलांच्या माघारी माळा आवरताना एक स्पेक्ट्रम प्लस (सिंक्लेअर कंपनीचा, टीव्हीला जोडायचा जुना घरगुती कम्प्युटर) आणि एक ३८६ (त्या काळच्या प्रोसेसरचा) पीसी हाती लागला. स्पेक्ट्रम घरच्या जुन्या टीव्हीवर लावून पाहिला, पडद्यावर सिंक्लेअरची कॉपीराइटची ओळ आली, म्हणून 'चालू स्थितीत' असं लिहून तुम्ही तो ऑनलाइन विकला. मूळ अडॅप्टरची वायर तडकलेली होती. कुणाला शॉक बसू नये म्हणून तो दिला नाहीत आणि जाहिरातीत लिहिलंत, '९ व्होल्टचा कुठलाही अडॅप्टर चालेल'. घेणाऱ्या कॉलेजच्या मुलाने घरातल्या राउटरचा अडॅप्टर लावला, मशीन गेलं, आणि आता तो पैसे परत मागतोय. चूक कुणाची, आणि उरलेला पीसी यापुढे फक्त जाणकारालाच विकावा का, असं तुम्ही विचारलंय.

पुण्यात पंचवीस वर्षं मी कम्प्युटर दुरुस्त केले. गेली दहा-बारा वर्षं जुनी मशीनं नीट करून विकतो. माझ्याकडून घेणाऱ्यांत निम्म्याहून अधिक लोक असं मशीन आयुष्यात पहिल्यांदा हातात धरणारे असतात. त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे.

आधी स्पष्टच सांगतो. चूक बहुतांशी तुमची आहे. तुमचा हेतू स्वच्छ होता, तुम्ही खोटंही बोलला नाहीत. पण 'कुठलाही अडॅप्टर चालेल' हे वाक्य चुकीचं होतं, आणि त्या मुलाने त्या वाक्यावर विश्वास ठेवला. त्याने निष्काळजीपणा केला नाही, तुम्ही सांगितलं तेच केलं.

झालं काय ते बघा. आज घराघरांत असलेल्या बहुतेक अडॅप्टरांच्या गोल पिनेला आत प्लस असतो आणि बाहेर मायनस. स्पेक्ट्रमला नेमकं उलटं लागतं: आत मायनस, बाहेर प्लस. पिनेचा आकार मात्र तोच, त्यामुळे राउटरची पिन त्या भोकात अगदी सहज बसते. नवख्या माणसाला बसली म्हणजे बरोबर असंच वाटतं, आणि त्यात त्याचा दोष नाही, कारण मोबाइलच्या चार्जरने त्याला हेच शिकवलंय. उलटा करंट गेला की ५ व्होल्ट कायम राखणारा ७८०५ हा रेग्युलेटर आणि त्याच्या जवळचा, १२ आणि उणे ५ व्होल्ट तयार करणारा छोटा भाग धोक्यात येतो. स्पेक्ट्रमच्या खालच्या १६ केच्या (किलोबाइटच्या) आठ ४११६ रॅम चिपांना ५, १२ आणि उणे ५ असे तिन्ही व्होल्टेज लागतात. त्यातलं उणे ५ गेलं आणि १२ राहिलं, तर त्या चिपा स्वतःच जळायला लागतात. म्हणून एका चुकीच्या पिनेमुळे कधी दोन पार्ट बदलून काम भागतं, तर कधी दहा पार्ट बदलावे लागतात.

आता मूळ मुद्दा. वरवर हे भांडण पैशांचं दिसतं, पण खरं भांडण 'चालू' या शब्दाचं आहे. तुम्ही 'चालू' लिहिलंत तेव्हा तुमच्या मनात होतं: माझ्या घरी, माझ्या टीव्हीवर, वडिलांच्या अडॅप्टरवर, त्या दुपारी चाललं. त्याने 'चालू' वाचलं तेव्हा त्याच्या मनात होतं: खोकं उघडायचं, लावायचं, चालणार. दोघेही प्रामाणिक होतात. पण त्या दोन अर्थांच्या मध्ये अडॅप्टर, टीव्ही, केबल आणि चाळीस वर्षांचा काळ होता, आणि त्याबद्दल जाहिरातीत एक अक्षर नव्हतं.

जाणकार ग्राहक ही मधली जागा स्वतः भरतो. तो पॉवर लावण्याआधी मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावतो, कव्हर उघडून कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे पार्ट) बघतो. नवखा थेट बटण दाबतो. म्हणून मी विकायचं वर्णन लिहायला बसतो तेव्हा मशीनचा विचार बाजूला ठेवतो आणि खोकं उघडल्यानंतरची पहिली दहा मिनिटं डोळ्यांपुढे आणतो. हा माणूस आधी काय लावेल? कशात लावेल? पडद्यावर काही आलं नाही तर पुढे काय करेल? काही आलं, तर कुठली की दाबेल?

या शेवटच्या प्रश्नाचं एक उदाहरण देतो. स्पेक्ट्रम घेतलेल्या एका ताईंचा मला संध्याकाळी फोन आला. कीबोर्ड खराब आहे म्हणाल्या. 'एल दाबलं की नुसतं एल येत नाही, लेट असा अख्खा शब्द येतो.' कीबोर्ड उत्तम होता. स्पेक्ट्रमच्या बेसिकमध्ये ओळीच्या सुरुवातीला एक की दाबली की एक पूर्ण आज्ञा उमटते. एलची आज्ञा लेट, आणि लोड हवं असेल तर जे दाबायचं. मग सिम्बॉल शिफ्ट धरून दोनदा पी दाबलं की अवतरणचिन्हं येतात, आणि मग एंटर. ज्याने हे मशीन वापरलंय त्याला हे सांगावं लागत नाही. पण ज्याने नाही वापरलं तो पहिल्या मिनिटात ठरवतो की आपण फसलो. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक स्पेक्ट्रमबरोबर मराठीत लिहिलेला एक कागद जातो. कुठली पिन कुठे, टीव्ही कसा ट्यून करायचा, पहिली ओळ काय दिसली पाहिजे, पहिला प्रोग्राम कसा टाइप करायचा. एका बाजूला मावेल एवढाच. या एका कागदाने माझे जितके फोन वाचवले तितके कशानेच वाचवले नाहीत.

टीव्हीचंही तसंच. मूळ स्पेक्ट्रम फक्त अँटेनाच्या वायरीतून चित्र देतो, यूएचएफच्या ३६ नंबरच्या चॅनलवर. आजच्या कित्येक टीव्हींवर ते चित्र पकडणं जिकिरीचं असतं. मशीन ठणठणीत असूनही नवख्याला फक्त मुंग्या दिसतात. म्हणून नवख्याला द्यायचं असेल तर मी आतला मॉड्युलेटर, म्हणजे चित्र टीव्हीच्या चॅनलवर चढवणारा भाग, बाजूला काढून कॉम्पोझिट व्हिडिओ बाहेर आणतो, म्हणजे टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटमध्ये थेट लागतो. हा बदल परत फिरवता येतो. शुद्ध मूळ स्थितीतलं मशीन हवं असणारा संग्राहक यावर नाराज होतो, त्यामुळे त्याला आधी विचारावं लागतं. हे घेणाऱ्यावर अवलंबून आहे, सरसकट नियम नाही.

तडकलेला अडॅप्टर दिला नाहीत हे बरोबरच केलंत. पण त्याच्या जागी योग्य अडॅप्टर द्यायला हवा होता. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत, मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला ९ व्होल्ट, दीड ते दोन अँपिअरचा अडॅप्टर घ्या, पिनेच्या वायरी उलट करून जोडा, मीटरने तपासा आणि वायरीला लाल चिकटपट्टी लावून लिहा, 'फक्त याच मशीनला'. नवख्याला विकताना अडॅप्टर आणि व्हिडिओची केबल या दोन गोष्टींशिवाय मी मशीन खोक्यात भरतच नाही. त्यांचे पैसे किमतीत धरतो. कुणी म्हणालं, अडॅप्टर नको, पाचशे कमी करा, तर मी नाही म्हणतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, फक्त जाणकारालाच विकावं का? माझं मत ठाम आहे: नाही. आपल्याकडे जाणकार मोजके आहेत आणि बहुतेकांची कपाटं आधीच भरलेली आहेत. १९८६ साली डेसिबेल्स या कंपनीने भारतात परवान्याने स्पेक्ट्रम प्लस आणला. त्याच्या दोन वर्षं आधी 'क्लास' या शाळांतल्या कम्प्युटर शिक्षणाच्या सरकारी प्रकल्पातून एकॉर्न या ब्रिटिश कंपनीचे बीबीसी मायक्रो आपल्या शाळांत आले, पुढे मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्सने तेच मशीन 'युनिकॉर्न' नावाने काढलं. ती मशीनं आज शाळांच्या अडगळीत आणि भंगाराच्या गोण्यांत आहेत. वीस वर्षांचा मुलगा स्वतःच्या खिशातले पैसे टाकून त्यातलं एक मागतोय, ही मला मोठी गोष्ट वाटते. त्याला दार बंद केलं तर ही मशीनं सांभाळणारी पुढची पिढी येणार कुठून? पण त्याला विकायचं असेल तर जास्तीचं काम आपण करायचं.

एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. एका शाळेच्या अडगळीतून आलेला बीबीसी मायक्रो मी दहा मिनिटं चालवून पाहिला आणि कोल्हापूरकडच्या एका सरांना विकला. ते तो मुलांना दाखवायला वर्गात घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी भर वर्गात पॉवर सप्लायमधून टर्र असा आवाज आला, मग तिखट वासाचा पांढरा धूर. मुलं बाहेर पळाली. सरांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज थरथरत होता. या मशीनच्या पॉवर सप्लायमध्ये मेन लाइनवर बसवलेले कागदी कपॅसिटर असतात, पिवळसर पारदर्शक आवरणाचे. वर्षानुवर्षांनी त्या आवरणाला बारीक चिरा पडतात, दमट हवा आत शिरते, आणि वीज मिळाली की आज ना उद्या ते फुटतात. मशीनला इजा झाली नव्हती, नवे कपॅसिटर काही रुपयांचे. पण मला हे माहीत होतं आणि मी आळस केला. दहा मिनिटांच्या तपासणीत ते फुटले नाहीत एवढ्यावर मी 'चालू' लिहिलं. मी कोल्हापूरला जाऊन ते बदलून दिले आणि त्या मुलांना चिरा गेलेला जुना कपॅसिटर हातात देऊन दाखवला. आता मेन लाइनवरचे कागदी कपॅसिटर बदलल्याशिवाय माझ्याकडून एकही पॉवर सप्लाय बाहेर जात नाही, आणि मशीन किमान दोन तास सलग चालवल्याशिवाय मी 'चालू' हा शब्द वापरत नाही.

तुमच्या ३८६कडे येऊ. त्याचं कव्हर आजच उघडा. कीबोर्डच्या गोल सॉकेटच्या आसपास मदरबोर्डवर पिंपाच्या आकाराची छोटी बॅटरी असेल, बहुधा निळी किंवा हिरवी. ती निकेल-कॅडमियमची असते आणि म्हातारी झाली की गळते. भोवती हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर तो गळलेला अल्कली आहे, तांब्याच्या रेषा खातोय. गळली असो वा नसो, बॅटरी कापून काढा. गळली असेल तर जागेवर थोडं पांढरं व्हिनेगर लावून घासा, मग स्वच्छ पाण्याने, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि दोन दिवस वाळू द्या. हे काम हाताला नवीन वाटत असेल तर एखाद्या टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या.

बॅटरी काढली की पीसी आपल्या हार्ड डिस्कची माहिती विसरतो. इथे नवखा हमखास अडकतो. पडद्यावर एरर येते, आणि तो तुम्हाला कळवतो की हार्ड डिस्क मेली. प्रत्यक्षात बायोसच्या (पीसी सुरू होताना आधी चालणाऱ्या आतल्या प्रोग्रामच्या) सेटअपमध्ये डिस्कचे आकडे भरले की ती जिवंत होते. ४० एमबीच्या कित्येक डिस्कला ९७७ सिलिंडर, ५ हेड, १७ सेक्टर हे आकडे लागतात, पण तुमच्या डिस्कवरचं लेबल वाचून खात्री करा. ते आकडे कागदावर लिहून कव्हरच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि सेटअपचा फोटो घेणाऱ्याला पाठवा.

डिस्क विकण्याआधी तिच्यात काय आहे तेही बघा. वडिलांची पत्रं असतील. माझ्याकडे एकदा एका पतसंस्थेचा पीसी आला, त्यात शेकडो ठेवीदारांची खाती होती. मी डिस्कची प्रत संस्थेच्या हवाली केली आणि मूळ डिस्क पुसली. आणि आत एखादं लांब वेगळं कार्ड दिसलं, तर फेकू नका. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं जिस्ट कार्ड असू शकतं. डॉसच्या पडद्यावर देवनागरी अक्षरं या कार्डामुळे दिसायची, आणि आपल्या कितीतरी कार्यालयांत मराठी कामकाज पहिल्यांदा कम्प्युटरवर आलं ते त्यावर. नवख्याला ते बिनकामाचं वाटेल, म्हणून वर्णनात त्याचं नाव आणि काम दोन ओळींत लिहा.

एक वेगळा सापळा अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेल्या मशीनांचा. त्यातली कित्येक फक्त ११० व्होल्टवर चालतात. बाजारात मिळणारी प्लगची बदली पिन व्होल्टेज बदलत नाही, हे नवख्याला माहीत नसतं. असं मशीन विकायचं तर सोबत स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर द्या, आणि पॉवरच्या सॉकेटवरच चिकटपट्टीने '११० व्होल्ट' लिहा, म्हणजे ती पट्टी काढल्याशिवाय वायर लागणारच नाही. कॉमोडोर ६४ हा घरगुती कम्प्युटर असेल तर त्याचा मूळ विटेसारखा पॉवर सप्लाय, कुठल्याही देशातला असो, मी देतच नाही. आतला रेग्युलेटर म्हातारपणी ५ व्होल्टच्या वर जातो आणि मशीनच्या चिपा घेऊन जातो.

पैसे घेण्याआधी मी प्रत्येकाला तीन गोष्टी विचारतो. घरी टीव्ही कोणता आहे, त्याच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा. मल्टिमीटर आहे का, आणि तो वापरता येतो का. आणि हे मशीन घेऊन तुम्हाला काय करायचंय. तिसऱ्या उत्तरावर सगळं ठरतं. कुणाला लहानपणीचे गेम परत खेळायचे असतात. त्यांना मी सांगतो, आधी पंधरा दिवस एम्युलेटरवर (आजच्या कम्प्युटरवर जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) खेळा, फुकट आहे, तरीही मशीन हवंसं वाटलं तर फोन करा. काही जण परत फोन करत नाहीत, आणि ते ठीकच आहे. कुणाला दुकानात शोभेला ठेवायचं असतं. त्यांना मी बंद पडलेलं मशीन स्वस्तात देतो आणि पावतीवर लिहितो, 'वीज लावू नये'. कुणाला खरंच शिकायचं असतं. त्यांना पहिल्यांदा चालू करताना मला व्हिडिओ कॉल करायला सांगतो. अर्धा तास जातो, पण तोच माणूस पुढच्या वर्षी कपॅसिटर कुठला घालू हे विचारायला येतो.

वर्णन लिहिताना 'टेस्टेड', 'उत्तम', 'वर्किंग' असले शब्द टाळा. जे केलं ते लिहा. तुमचा स्पेक्ट्रम मी असा लिहिला असता: 'अमुक तारखेला दोन तास चालवला, कॉपीराइटची ओळ येते, सगळ्या की दाबून पाहिल्या, कॅसेटवरून एक प्रोग्राम लोड केला. आतली कीबोर्डची पट्टी जुनी आहे, केव्हाही तडकू शकते. कव्हर उघडाल तर ती जपून काढा. अडॅप्टर सोबत आहे, दुसरा लावू नका, पिन बसली तरी मशीन जळेल.' यात कौतुकाचं एकही विशेषण नाही, आणि घेणाऱ्याला सगळं कळतं. सोबत प्लग लावण्यापासून पडद्यावर ओळ येईपर्यंतचा न कापलेला व्हिडिओ द्या.

'जसं आहे तसं, परत घेतलं जाणार नाही' हे लिहिलं की सुटलो, असं कित्येकांना वाटतं. १९३०च्या वस्तू विक्री कायद्याप्रमाणे वर्णन करून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळायला हवा. घरातली एखादी वस्तू एकदाच विकणारा आणि माझ्यासारखा नेहमी विकणारा यांच्या जबाबदाऱ्या सारख्या नाहीत, ग्राहक संरक्षण कायदा धंदा करणाऱ्याला जास्त बांधतो. पण कायद्याआधी माझा एक नियम आहे: पोचल्यापासून सात दिवसांत माझ्या अडॅप्टरवर, माझ्या कागदाप्रमाणे लावूनही चाललं नाही, तर पैसे परत, जाण्यायेण्याचं कुरिअर माझं. त्यानंतर दुरुस्ती फुकट, पार्टचे पैसे त्यांचे.

पाठवण्याबद्दल थोडंच. मॉनिटर मी कुरिअरने पाठवत नाही, घेणाऱ्याने येऊन न्यायचा. जुन्या एक्सटीत (३८६च्याही आधीच्या पीसीत) एसटी-२२५सारखी २० एमबीची डिस्क असेल तर बंद करण्याआधी पार्कचा प्रोग्राम चालवून हेड सुरक्षित जागी न्या. पावसाळ्यात मशीन आधी प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद करा. फ्लॉपी देत असाल तर तिच्या खिडकीतून चकती फिरवून बघा. पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे, आणि अशी एक फ्लॉपी नवख्याने घातली की ड्राइव्हचं हेड खराब होतं.

आता तुमच्या हातातलं प्रकरण. त्या मुलाला आजच फोन करा, लिहून पाठवू नका. 'कुठलाही अडॅप्टर' हे माझं वाक्य चुकलं, असं सरळ सांगा. मशीन परत मागवा आणि पूर्ण पैसे द्या, किंवा त्याला हवं असेल तर दुरुस्त करून परत पाठवा. माझा अंदाज आहे की तो दुसरं निवडेल. मशीन आलं की लगेच वीज लावू नका. आधी वीज न लावता ७८०५च्या आउटपुटवर आणि ग्राउंडवर मीटरने शॉर्ट आहे का बघा. मग १२ आणि उणे ५ व्होल्ट तयार करणाऱ्या भागातले टीआर४ आणि टीआर५ हे दोन ट्रान्झिस्टर तपासा, उलट्या पिनेने बहुधा तेच गेलेले असतात. ते बदलल्यावर, योग्य अडॅप्टर लावून, ४११६च्या १ नंबरच्या पायावर उणे ५, ८ नंबरवर १२ आणि ९ नंबरवर ५ मिळतंय का ते एकेक करून मोजा. उणे ५ नसेल तर तिथेच बंद करा, सेकंदभरही जास्त चालू ठेवू नका. तिन्ही बरोबर असून पडद्यावर नुसत्या उभ्या पट्ट्या दिसत असतील, तर रॅमची एखादी चिप गेलीय. वीज लावल्यावर हाताला भाजेल इतकी तापणारी चिप आधी बदला.